दुखण्याची वाटणी

चामड्याचा पट्टा एकच माणूस वापरत असला, तर त्याला एकाच भोकापाशी मोड पडते. बक्कल रोज तिथंच बसतं, चामडं रोज तिथंच वाकतं आणि हळूहळू तिथं एक काळपट रेघ उमटते. सिद्रामच्या दंडावरच्या पट्ट्याला पाच भोकं होती. पाचही भोकांपाशी रेघा होत्या.

रेणुकानं ओलं फडकं बाजूला ठेवलं आणि पट्टा दारातल्या उजेडात धरला. अमावस्या होती. अमावस्येला सांगलीचा हळदीचा बाजार बंद असतो, सौदे निघत नाहीत आणि टोळ्यांच्या शेडमध्ये खिळ्याला लटकणारे हमालांचे पट्टे तेवढ्या एका दिवसापुरते पुसायला घरी येतात. तिनं अस्तर नाकाशी नेलं. हळदीचा वास येणारच होता, तो सगळ्या घरालाच होता. पण त्याच्याखाली अत्तराचा मंद वास होता.

सिद्राम भिंतीला दोन उशा लावून टेकून बसला होता. हल्ली तो आडवा होतच नसे. आडवं झालं की दम कोंडतो, म्हणायचा.

"अहो, ह्यो पट्टा तुमचाच न्हवं?"

"माझाच की. नंबर बघ. सात-अकरा."

"नंबर बघितला. भोकं पण बघितली." ती त्याच्याजवळ येऊन बसली. "आणि अत्तर कवापासनं लावाय लागला?"

सिद्राम हसला. हसण्याचा शेवट खोकल्यात झाला. "मोहसीनचं असंल. टोळीत जरा इकडचं तिकडं होतंय."

"पाच भोकांइतकं इकडचं तिकडं?"

तिनं त्याचा दंड हातात घेतला आणि पट्टा बांधून पाहिला. शेवटच्या भोकातसुद्धा तो सैल राहिला.

*

पट्टे आले त्याला दोन वर्षं झाली होती. त्या वेळी हमाल भवनात सगळ्या टोळ्या बायकापोरांसह बोलावल्या होत्या. सौदे आता पडद्यावर निघायचे, गाड्या आपल्या आपण येऊन लागायच्या, पण जुन्या गोदामांच्या अरुंद दारांतून आत जाऊन छताला भिडेपर्यंत थप्पी लावणारं यंत्र अजून आलं नव्हतं. ते काम पाठीवरच चालायचं. त्या पाठींचा विमा उतरवायचा म्हणून 'सोबत' नावाची योजना आली होती. पैसे व्यापाऱ्यानं पोत्यामागे भरायचे आणि विमा एकेका माणसाचा नाही, टोळीचा.

योजनेच्या केतकी लिमये मिरजेहून आल्या होत्या. हळू बोलणाऱ्या, चष्मा लावणाऱ्या बाई. हृदयाची यंत्रं बनवणं हे त्यांचं शिक्षण. त्यांनी एक पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला आणि मग समजावून सांगितलं.

हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे रक्ताच्या नळीतून धावत गेलेली एक लाट. लाट पुढे जाते, नळीला फाटे फुटतात तिथं थोडी आपटते आणि तिचा काही भाग उलटा परत येतो. हृदय निरोगी असेल, नळ्या लवचीक असतील, तर जाणाऱ्या आणि परतणाऱ्या लाटेचा मेळ ठरावीक असतो. हृदयाचा स्नायू सैल पडायला लागला की तो मेळ बिघडतो, आणि तो माणसाला कळायच्या कितीतरी आधी बिघडतो. दवाखान्यात हे तपासायला माणसाला पळायच्या यंत्रावर पळवावं लागतं. हमालाला पळवायची गरज नाही. तो पोतं उचलतो, नेतो, टाकतो. पोतं टाकल्यानंतरच्या मिनिटात नाडी किती लवकर खाली येते, लाट कशी परतते, एवढंच पाहायचं. दिवसभर, रोज.

"म्हणजे आमचा दम मोजणार," मागून कोणीतरी म्हणालं. "आणि दम कमी पडला की घरी बसवणार."

"घरी बसवणार," केतकी म्हणाल्या, "पण टोळीतली त्याची वाटणी योजना त्याच्या घरी पोचवणार. उपचार चालू असेपर्यंत. आणि मुलांची शाळा सुटू देणार नाही."

"लगीन झाल्यासारखं बोलताय, मॅडम. कायम सांभाळतो म्हणून."

सगळे हसले. केतकीही हसल्या. मग युनियननं एक अट घातली. पट्टा माणूस ओळखणार नाही. ठोक्यावरून माणूस ओळखता येतो, पण एकदा तसं केलं की पट्टा हजेरीचा पहारेकरी होतो. अट मान्य झाली. शेवटी घाबरलेल्यांना धीर द्यावा म्हणून केतकी म्हणाल्या, "एखादा दिवस वाईट गेला तर काळजी करू नका. ताप असतो, जागरण असतं, घरात भांडण झालेलं असतं. यंत्र तसा एकटादुकटा दिवस सोडून देतं. ते पंधरवड्याचा कल बघतं."

हे वाक्य सात नंबरच्या टोळीनं नीट ऐकून ठेवलं.

*

"चौदाजण हाय आमी," सिद्रामनं सांगितलं. पट्टा आता दोघांच्या मध्ये चटईवर पडला होता. "आज मोहसीनचा मी बांधायचा, माझा त्यानं. उद्या बाळूचा. परवा आणि कुणाचा. पंधरवड्यात एकेकाच्या पट्ट्यावर माझा एकेक दिवस पडतो. यंत्र म्हणतं, झालं असंल जागरण."

"आणि तुमच्या पट्ट्यावर?"

"माझ्या पट्ट्यावर रोज धडधाकट माणूस."

"कुणाची अक्कल ही?"

"कुणा एकाची न्हाई. टोळीची."

रेणुकाला आपलं माहेर आठवलं. तिचा बाप जतला गवंडीकाम करायचा. रेणुका सातवीत असताना त्याला रक्ताची उलटी झाली. त्या वर्षी आधी आईचं शिलाई मशीन गेलं, मग दोन शेळ्या, मग घराचा पुढचा सोपा, आणि रेणुका मामीबरोबर हळकुंडं निवडायला सांगलीच्या गोदामात आली. बाप वाचला. पण ते घर पुन्हा कधी उभं राहिलं नाही. आजार एकाला होतो आणि खाली सगळं घर येतं, हे तिला कोणी पडद्यावर आकडे दाखवून शिकवायची गरज नव्हती.

आणि आता तसं होत नाही, हेही तिनं पाहिलं होतं. पाच नंबरच्या टोळीतल्या बापू गायकवाडच्या पट्ट्यानं इशारा दिला. सहा महिने तो घरी होता, दवाखाना झाला, आणि त्याच्या घरची चूल एक दिवस विझली नाही. पोरगी शाळेत गेली. बापू आता तोलाईच्या काट्यावर बसून पोत्यांचं वजन करतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्या हृदयाच्या नळीत बसवलेली जाळी किती महाग आहे ते सांगतो.

"बापूचं झालं की चांगलं," ती म्हणाली.

"मारुतीचं झालं का?"

मारुती ऐनापुरे त्यांच्याच टोळीचा. फार वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका कंपनीचं तपासणीचं शिबिर झालं होतं. मारुती हौसेनं पहिला गेला. पुढं तो पडला तेव्हा कंपनी म्हणाली, आजार आधीचाच आहे, आमच्याच शिबिरात दिसला होता. मारुती गेला, घर गेलं. तेव्हापासून सात नंबरच्या टोळीत कोणी शिंकलं तरी दुसरा म्हणायचा, "आधीचाच आजार!"

"ही योजना तसली न्हाई. केतकीबाईंनी सांगितलंय."

"त्या बी हसतच सांगत हुत्या, रेणुका." सिद्रामनं डोळे मिटले. "हंगाम संपू दे. हळदीचं पोतं कमी झालं की मी सोता जाऊन सांगतो. आता मधीच बसलो तर टोळीत नवा माणूस घेतील. परत जागा मिळंल का?"

"हंगाम संपला की नक्की?"

"नक्की."

ती दुसऱ्या दिवशी मुकादमाकडे गेली. भूपालआण्णा टोळीचा मुकादम. तीस वर्षं त्यानंच माणसं नेमली, त्यानंच कमाई वाटली. रेणुकाला तो घरच्या पोरीसारखं वागवायचा.

"आण्णा, तुमी हे कसं चालू दिलं?"

"बस आधी. च्या घे." त्यानं कप पुढं केला. "टोळीत म्हातारा चार पोती कमी उचलतो. वाटणीत त्याला कमी देतो का आपण? न्हाई. त्याचा भार बाकीचे घेतात. हे आजचं हाय का? माझ्या बापाच्या टोळीतबी हेच. मग कमाई वाटून घेतो तसं सिद्रामचं दुखणं वाटून घेतलं. चौदाजणांत एकाचं दुखणं वाटलं की कुणाच्याच वाट्याला काय येत न्हाई."

"आणि आमच्या ह्यांच्या वाट्याला?"

भूपालआण्णा कपाच्या कानाशी बोटानं चाळा करत राहिला. "हंगाम संपू दे," तोही म्हणाला.

रेणुका घरी आली. केतकीबाईंचा नंबर तिच्याकडे होता. तिनं तो दोनदा काढला आणि दोनदा ठेवून दिला. नवऱ्याला कमीपणा येईल, तेरा घरं अंगावर येतील, आणि थोडेच दिवस तर राहिलेत. अशी पुष्कळ कारणं होती. सगळी खरी होती.

*

पुढच्याच आठवड्यात एकदा रेणुका गोदामात हळदीचे गोल गड्डे आणि लांब हळकुंडं वेगळी करत बसली होती. दुपारचं ऊन पत्र्यातून खाली उतरत होतं. तेवढ्यात शबनम धावत आली. मोहसीनची बायको. पायात चप्पल नव्हती, हातात फोन घट्ट धरलेला.

"वैनी, ह्यांना काय झालं ओ? फोन आलाय पट्ट्याचा. मोहसीन मुलाणी पडले म्हणतोय. गाडी निघाली म्हणतोय!"

रेणुका उठली. तिनं पदराला हात पुसले, शबनमचा हात धरला आणि दोघी शेडकडे धावत सुटल्या. वाटेत ती सारखी सांगत होती, "अगं, ऊन हाय, चक्कर आली असंल. तरणाताठा माणूस. काय हुणार न्हाई. गाडी आलीया न्हवं? मग झालं तर. रडू नको. त्याच्याम्होरं रडू नको."

शेडपुढं गर्दी होती. पांढरी गाडी नुकतीच वळून फाटकाकडे निघाली होती. गर्दीच्या कडेला, हळदीनं पिवळ्या झालेल्या अंगानं, मोहसीन उभा होता.

शबनमनं त्याला पाहिलं आणि ती मटकन खाली बसली. हसली की रडली, कळलं नाही. रेणुकाच्या हातात तिचा हात अजून होता. मोहसीन शबनमकडे बघतच नव्हता. तो रेणुकाकडे बघत होता.

तेव्हा तिनं हात सोडला.

*

पट्टा आपलं काम चोख करत होता. माणूस पडल्यापासून क्षणात त्यानं गाडी बोलावली, घरी कळवलं आणि दवाखान्याला माणसाची सगळी माहिती आधीच पाठवली. फक्त पट्ट्याच्या लेखी तो माणूस मोहसीन मुलाणी होता. वय एकोणतीस. दोन वर्षांत हृदयाचा एकही बिघाड नाही. बाहेर ऊन, रक्तदाब एकदम उतरलेला. डॉक्टरांनी नोंद वाचली, उष्माघात धरला आणि सलाईन भरभर सोडलं. धडधाकट हृदयाला तेच वाचवतं. पण सैल पडलेल्या हृदयाला आत आलेलं पाणी पुढं ढकलता येत नाही. ते मागं साचतं, फुप्फुसात.

मोहसीन मोटरसायकलवरून मागोमाग पोचला होता. पण पट्टा आपला आहे आणि माणूस दुसरा आहे, हे सांगायला तो दवाखान्याच्या दारात थोडा वेळ अडखळला. सांगितलं तर टोळीचं काय होईल, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. केवढा वेळ, हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी सलाईन तत्काळ थांबवलं, मग जमेल ते सगळं केलं.

दिवेलागणीला सिद्राम गेला.

*

तिसऱ्या दिवशी टोळी आली. पुरुष बाहेर ओट्यावर बसले. भूपालआण्णा एकटाच आत आला आणि दाराजवळ टेकला.

"रेणुका, केतकीबाई येतील. विचारतील. त्यांना एवढंच सांगायचं. त्या दिवशी सकाळी दोघांचे पट्टे एका खिळ्याला हुते, घाईत बदलले गेले. एक दिवसाची चूक."

तिनं फोटोपुढच्या दिव्याची वात वर सारली.

"चूक झाली असली तर घराला सगळं मिळतं. तुझ्या आरोहीचं नर्सिंगचं शिक्षण पुरं हुईस्तोवर योजना भरणार. मुद्दाम बदललं म्हटलं, की सगळं बंद. मी कलम वाचून घेतलंय. आमचं सोड. तुझ्या घराचं बघ."

"मोहसीनचं काय झालं?"

आण्णानं तोंड पुसलं. "त्याचं निराळंच. यंत्राच्या हिशेबानं तो मेलाय. काल योजनेच्या खात्यावर पोराचं औषध आणाय गेला तर दुकानदार म्हणतो, वारसाला पाठवा. आज सकाळी पोती उचलताना बाळू म्हणाला, बघा लेकानो, मढं काम कराय लागलंय." तो हसायला गेला आणि त्याला धाप लागली. दाराच्या चौकटीला धरून तो जरा थांबला. "ऊन," तो म्हणाला.

केतकीबाई आल्या तेव्हा रेणुकाच्या समोर जमिनीवरच बसल्या. आधी त्यांनी सिद्रामच्या फोटोला हात जोडले. मग म्हणाल्या, "रेणुकाताई, मला घाई नाही. पण मला एक गोष्ट कळत नाही. दवाखान्यानं सिद्रामदादांचं हृदय पाहिलं. ते दोन-तीन वर्षं झिजत आलेलं होतं. आणि त्यांच्या पट्ट्यावर, आदल्या दिवसापर्यंत, उत्तम हृदय आहे. असं हृदय एका रात्रीत तसं होत नाही."

"आमच्यात सुतक हाय, मॅडम. मग बोलू."

"बोलू." त्या उठल्या नाहीत. "मी इशारा का आला नाही ते शोधतेय. यंत्र झाल्या गोष्टीवरून शिकतं. त्याला आता वाटतंय की चांगली लाटसुद्धा अशीच अचानक बंद पडते. ते असंच शिकलं तर उद्या खरं आजारी हृदय त्याला ओळखू येणार नाही. सात नंबरची टोळी माझ्याकडे सगळ्यांत निरोगी टोळी म्हणून नोंदलेली आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "मीच त्यांना सांगितलं होतं, एखादा वाईट दिवस यंत्र सोडून देतं."

रेणुकानं मान वर केली नाही. केतकीबाईंना बरंच कळलेलं आहे, हे तिला कळलं. त्यांना फक्त कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं. तोंडून ऐकल्याशिवाय तेरा माणसांचे पट्टे काढून घेता येत नव्हते. पट्ट्यावरून माणूस ओळखायचा नाही, ही युनियनची अट आडवी येत होती.

तेरावं झालं. मग रेणुका म्हणाली, आरोहीची परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली. मग म्हणाली, निकाल लागू दे. एक दिवस डाळ निवडताना तिला आपलेच शब्द ऐकू आले आणि तिच्या हातातलं सूप थांबलं. हंगाम संपू दे, असं तर सिद्राम म्हणायचा.

आरोही मिरजेच्या वसतिगृहातून सुट्टीला आली होती. ती बापाची पादत्राणं पिशवीत भरत होती. एक चप्पल हातात धरून तिनं विचारलं, "आई, बाबांच्या पायाला सूज असायची?"

"संध्याकाळची. उभं राहून राहून."

"बोटानं दाबलं की खड्डा राहायचा?"

"चपलेच्या पट्ट्याचा वण राहायचा. रात्री जेवताना बी दिसायचा."

आरोही खाली बसली. "आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवतात हे. वण लगेच भरला नाही तर पाणी साचतंय म्हणून समजायचं. हृदय दमलंय." ती चप्पल पिशवीत ठेवत होती आणि पुन्हा बाहेर काढत होती. "मी घरी यायचे तेव्हा ते पायावर चादर घेऊन बसायचे. मला वाटायचं, थंडी वाजते."

रेणुकाला वाटलं, आता हिला सगळं सांगावं. मग वाटलं, सांगितलं तर ही एका वाक्यात निर्णय देऊन मोकळी होईल, आणि त्या वाक्याची किंमत हिच्याच शिक्षणातून जाईल. तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चुलीकडे गेली.

*

पुन्हा अमावस्या आली. बाजार बंद होता. केतकीबाईंनी शेवटची बैठक शेडमध्येच ठेवली होती. आज सही झाली की सिद्रामचं प्रकरण मिटणार होतं. चूक म्हणून, नाहीतर मग चौकशी लागणार होती.

सतरंजी अंथरलेली होती. तेराजण चपला बाहेर काढून आत येऊन बसले. पुसायला घरी न्यायचे पट्टे अजून खिळ्यांना तसेच लटकत होते. एक खिळा मोकळा होता. मोहसीननं आणून दिलेला सिद्रामचा पट्टा रेणुकानं अजून परत केला नव्हता. तो तिच्या मांडीवर होता.

चहा आला. केतकीबाईंनी घेतला नाही.

"मी नियम परत एकदा वाचते," त्या म्हणाल्या, "म्हणजे नंतर कोणाला वाटायला नको की मी लपवलं. पट्टा चुकून बदलला असेल, तर घराला पूर्ण संरक्षण. जाणूनबुजून बदलत असतील, तर त्या घराचं संरक्षण थांबतं. पुढे समिती काय ते ठरवेल. मी समितीला विनंती करू शकते. शब्द देऊ शकत नाही. तो मला देता येत नाही."

"चूकच हुती, मॅडम," भूपालआण्णा म्हणाला. तो रेणुकाच्या समोरच बसला होता, पाय पुढं सोडून. तो कधी असा पाय सोडून बसत नसे. माणसांसमोर मांडी घालायचा. "एक दिवसाची चूक. दोन्ही पट्टे एका खिळ्याला हुते."

"मोहसीन?"

"व्हय," मोहसीन खाली बघत म्हणाला.

रेणुका आण्णाच्या पायाकडे बघत होती. डाव्या पायावर चपलेच्या आडव्या पट्ट्याचा वण होता. खोल, कडा वर आलेल्या. चपला काढून बराच वेळ झाला होता. आधी सगळे आले, मग सतरंजीवर सरकासरकी झाली, मग केतकीबाईंनी नियम वाचला. तिनं स्वतःच्या पायाकडे पाहिलं. तिच्या पायावर काही उरलं नव्हतं. मोहसीनच्या पायावर नव्हतं. बाळूच्या नव्हतं. तिनं कपातला चहा एक घोट घेतला, दुसरा घेतला. कप रिकामा झाला. आण्णाच्या पायावरची रेघ तशीच होती.

त्या दिवशी दाराच्या चौकटीला धरून तो म्हणाला होता, ऊन. पण तो घरात होता, सावलीत.

आणि आण्णाचा पट्टा? तोही सिद्रामच्या फेऱ्यात फिरला होता. सिद्राम गेल्यावर फेरे थांबले. पण केतकीबाई म्हणाल्या तसं यंत्र त्या सरमिसळीवरूनच शिकलं होतं, आजारी हृदय त्याला ओळखू येत नव्हतं. खरं सांगून पट्टे नव्यानं बांधले जाईपर्यंत त्याच्यापुढं आण्णा कालही निरोगी होता, आजही निरोगी असणार होता, आणि एखाद्या दुपारी, थप्पीच्या पायथ्याशी पडेपर्यंत निरोगीच राहणार होता. मग त्याच्या घरी कोण धावत जाईल? कोण कोणाचा हात धरून सांगेल, काय होणार नाही म्हणून?

तिनं मांडीवरचा पट्टा उलटा केला. पाच रेघा होत्या. चौदा माणसांनी मिळून एका माणसाला इतकं जपलं, की तो कोणाला दिसलाच नाही. यात कोणाचं मन खोटं नव्हतं. खोटं असतं तर सोपं झालं असतं.

आरोही दारापाशी उभी होती. सोबत यायचं नाही सांगितलं तरी आली होती. रेणुकानं तिच्याकडे पाहिलं. ती आधीच आईच्या नजरेमागून आण्णाच्या पायाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते रेणुकाला वाचता आलं. पोरीनं अगदी हळू मान हलवली. होकार होता की रडू आवरणं, हे रेणुकानं तपासून पाहिलं नाही.

"रेणुकाताई," केतकीबाई म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा. एक दिवसाची चूक होती?"

भूपालआण्णा तिच्याकडे बघत होता. बापासारखा. सांग की पोरी, व्हय म्हण, असं त्याचे डोळे म्हणत होते. आपल्यासाठी नाही, तिच्याचसाठी तो ते मागत होता.

मग तिनं पट्टा केतकीबाईंच्या पुढं सतरंजीवर ठेवला, पाचही रेघा वर येतील असा.

"एक दिवस न्हाई, मॅडम. रोज," रेणुका म्हणाली. "मला म्हाईत हुतं. आता हे सगळ्यांचे पट्टे खिळ्यावरनं काढा आणि ज्याचा त्याला नव्यानं बांधा. पयला आण्णांना बांधा."